गंगेनं आणलेलं दार

“वाहून आलंय म्हंजी कुणाचं तरी गेलंय,” असं म्हणत मामा आधी वस्तूला हात जोडत, मग ती उचलत. गेवराईकडच्या आमच्या गावात गोदावरीला गंगाच म्हणतात. पूर ओसरला की शेजारचे हे मामा काठी घेऊन काठावर हजर.

काय येईल याचा नेम नसे. एकदा प्लास्टिकच्या टाकीवर बसून कोंबडा आला आणि उतरायलाच तयार होईना. एकदा पुढाऱ्याचा हसरा फ्लेक्स आला. तो तेवढा मामांनी परत केला नाही, गोठ्यावर घातला. बाकी प्रत्येक वस्तूचा मालक शोधायला ते मोटारसायकलवर नदीच्या वरच्या अंगाची गावं पालथी घालत. मामी वैतागत.

एका पुरात चौकटीसकट सागवानी दार आलं. कडीला कुलूप तसंच. मामांनी ते अंगणातल्या लिंबाला टेकवलं. कुलूप तोडा, न्हाणीला बसवू, असं मामींचं म्हणणं.

“कुलूप हाय म्हंजी मालक घरी न्हाई,” मामा म्हणाले. “येईल की.”

आम्ही लई हसलो. पण बरीच गावं धुंडाळल्यावर, शाळेत आसऱ्याला राहिलेली एक म्हातारी त्यांना सापडली. भिंती पडल्या होत्या, पत्रे गेले होते. किल्ली मात्र तिच्या कमरेला होती. लोक फेकून दे म्हणत, ती ऐकत नव्हती.

ट्रॅक्टरवर दार घालून नेलं तेव्हा मीही सोबत होतो. तिच्या घराच्या जागी आम्ही ते टेकू देऊन उभं केलं. चारी बाजूंनी मोकळं रान. कुलपाला ती कुणाला हात लावू देईना. मामांनी त्यात तेल सोडलं. बऱ्याच खटपटीनंतर किल्ली फिरली. म्हातारीनं दार ढकललं, पदर सावरून पलीकडे गेली आणि वळून म्हणाली, “या की आत. कावून भाईर उभे?”

मामांनी चपला काढल्या. मग आम्हीही काढल्या आणि एकामागून एक दारातून चिखलात गेलो.

मामा गेले ते ऐन उन्हाळ्यात. तेराव्याला कुठकुठली अनोळखी माणसं येऊन बसली. मामी एकेकाला विचारत होत्या, तुम्ही कोण? कुणी म्हणे, आमचं करडू आणून दिलतं; कुणी म्हणे, आमचा पाळणा. दारात आणखी एक जीप थांबली. मामींनी डोळे पुसले आणि आचाऱ्याला डाळ वाढवायला सांगितलं.