नदीपल्याडची दहावी

आमच्या हेडमास्तरांइतका जग पाहिलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्यांच्याइतका कमी प्रवास केलेलाही नाही. उत्तरेला माहूरची रेणुकामाता आणि दक्षिणेला हैदराबाद, एवढ्यात त्यांचं सगळं देशाटन आटोपलं. हैदराबाद तरी परदेश धरावा म्हटलं तर त्यालाही त्यांची हरकत. "जनाब, आम्ही तिथं शिकायला होतो तवा निजामाचं राज, ते आमचंच होतं. उलट मुंबई परदेश होती!" असं म्हणून ते पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात सारत. पण नॉर्वेत सूर्य कोणत्या महिन्यात मावळत नाही, जपानी माणूस दुसऱ्याच्या घरात शिरताना जोडे कुठे काढतो, हे त्यांना आमच्या गावातल्या चावडीच्या भांडणांपेक्षा जास्त ठाऊक. गेल्या साली ते गेले. बातमी कळली तेव्हा रडू यायच्या आधी मला त्यांचा रागच आला. का आला, ते सांगितल्याशिवाय हा माणूस तुम्हाला कळायचा नाही.

मी मूळचा नांदेडचा. गणित-विज्ञान शिकवायला म्हणून शिरूर अनंतपाळच्या अलीकडच्या त्या गावात गेलो, तेव्हा लातूर नुकताच जिल्हा झाला होता. गावात केवढा तो आनंद! आता कागद घेऊन उस्मानाबादला हेलपाटे नकोत, साहेब कसा हाकेच्या अंतरावर आला. पावसाला मात्र नव्या जिल्ह्याचं काही कौतुक नसावं, कारण जिल्हा आला आणि तो गेला. विहिरी आटल्या, नदीत वाळू तेवढी उरली, टँकर आला की बाया घागरी घेऊन धावत, आणि निम्मी पोरं आईबापाबरोबर रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला. अशा त्या रखरखीत दिवसांत मी शाळेत हजर व्हायला गेलो, तर हेडमास्तरांच्या खोलीत भिंतीवर पाच घड्याळं! लंडन, टोकियो, मॉस्को, न्यूयॉर्क आणि आपलं गाव. जवळ जाऊन पाहतो तर चार नुसती रंगवलेली, आणि पाचवं खरं होतं ते बंद. मी म्हणालो, "सर, ही तर सगळीच बंद आहेत." तर म्हणाले, "असू द्या की. वेळ चुकली म्हणून काय झालं, फरक तर बरोबर हाय ना!" या माणसापुढे आपलं गणित चालायचं नाही, हे मी पहिल्याच दिवशी ओळखलं.

त्याच काळात प्रत्येक शाळेनं आपलं उद्दिष्ट दर्शनी भिंतीवर लिहावं, असा वरून हुकूम आला होता. बाकीच्या शाळांनी 'विद्येविना' वगैरे जे लिहायचं ते लिहिलं. आमच्या भिंतीवर हाताएवढ्या निळ्या अक्षरांत होतं : 'इथं शिकलेल्या लेकराला जगात कुणी परकं वाटू नये.' आणि ते नुसतं लिहून थांबले असते तर ते आमचे हेडमास्तर कसले? आठवीत नाव घातलं की ते पोराला एकेक देश देऊन टाकत. हजेरीला 'हजर सर' म्हणायचं नाही, देशाचं नाव घ्यायचं आणि त्या देशाची एक तरी खबर सांगायची. "ब्राझील! कॉफीचं पीक लई आलंय सर." "पोलंड! थंडी पडलीय." हे सगळं गावात इतकं भिनलं की आया सुद्धा ओट्यावरून ओरडायच्या, "आरं ए पोलंड, म्हस सुटली बघ!" एका म्हाताऱ्याला मी विचारलं, तुमचा नातू कोणता? तो म्हणाला, "ते इजिप्त हाय बघा, शेंबडं."

दिल्लीतल्या परदेशी वकिलातींना ते पोरांकडून पत्रं लिहवून घेत. मग गुळगुळीत कागदाची जाडजूड मासिकं गावात येत. त्यातली चित्रं भिंतीवर, मजकूर वर्गात, आणि उरलेली पानं पुस्तकांच्या कव्हरांना. पोस्टमनला सुरुवातीला सर हेर वाटत. पुढे पुढे तोच "सर, तुमचा जर्मनी आलाय" म्हणून दुरून हाका मारू लागला. शनिवारी मधल्या सुट्टीत एखाद्या देशाचं जेवण. मेक्सिकोची भाकरी मक्याची असते असं कळल्यावर ते इतके हरखले, की पोरांच्या डब्यातली ज्वारीची भाकरी वर धरून म्हणाले, "ही आन् ती सख्ख्या बहिणी, एक दूर देशी दिली इतकंच." त्या दिवशी पोरांनी तीच रोजची भाकरी, तोच ठेचा, मेक्सिकोचा म्हणून चाटूनपुसून खाल्ला.

पण त्यांचा खरा जीव होता तो उलट्या तासात. रीत अशी, की दोघांत भांडण झालं की प्रत्येकानं दुसऱ्याची बाजू मांडायची, आणि अशी मांडायची की त्या दुसऱ्यानं आपणहून म्हणावं, "हाव, मला हेच म्हणायचं होतं." तसं म्हणेपर्यंत सुट्टी नाही. दोन देशांचं भांडण असो की दोन पोरांचं, नियम तोच. एकदा बांधावरून पिढीजात वैर असलेल्या दोन घरांतली पोरं समोरासमोर आली. त्यातलं एक दुसऱ्याची बाजू मांडता मांडता रंगात येऊन स्वतःच्याच घराबद्दल म्हणालं, "आमच्या आज्यानंच रातोरात बांध कोरला, मला ठावं हाय." दुसऱ्या दिवशी त्याचा बाप काठी घेऊन शाळेच्या दारात! सरांनी त्याला खुर्ची दिली, चहा पाजला, आणि त्याच्यासमोर त्याचीच बाजू अशी मांडली की तो काठी शाळेतच विसरून गेला.

संस्थेचे अध्यक्ष होते बसलिंगप्पा अण्णा. किराणा दुकान, थोडी शेती, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, आणि बायको लवकर गेल्यानं एकुलत्या एका लेकीवर सगळा जीव. ती सुमन आमच्या नववीत होती, देश नॉर्वे. पोरगी हुशार म्हणजे काय, गणितात माझीच चूक काढायची. आता अडचण अशी की आमच्या हायस्कुलाला मान्यता नववीपर्यंतच. दहावीसाठी निलंग्याला खोली करून राहावं लागे. पोरं राहत. पोरी नववी झाली की घरी बसत, आणि मग त्यांचं लग्नच. सुमनच्या वर्गात पाच पोरी होत्या, आणि त्यांच्यासाठी सरांना काहीही करून दहावीचा वर्ग हवा होता. अर्ज गेले, लातूरच्या फेऱ्या झाल्या. अखेर निरोप आला की शिक्षणखात्याचे साहेब येऊन ठरवतील. पण नदीपल्याडच्या गावाच्या शाळेनंही दहावी मागितलीय, आणि वर्ग मिळेल तो दोघांपैकी एकालाच. पल्याडचं गाव म्हणजे आमचा हाडवैरी! जत्रेतल्या कुस्तीवरून कधीतरी डोकी फुटली होती, तेव्हापासून सोयरीक बंद. अण्णा म्हणाले, "हेडसर, गावाची इज्जत आता तुमच्या जिभेवर हाय."

साहेब आले. मानेवर ओला रुमाल टाकून आमच्या पटांगणात लिंबाखाली बसले. दोन्ही गावं लोटली होती. पल्याडचे हेडमास्तर बिचारे भिडस्त. उठले, "आम्हाला वर्ग द्यावा ही विनंती" इतकंच म्हणून घाम पुसत बसले. आमच्या लोकांच्या मिशा तिथंच वर झाल्या. मग आमचे सर उठले. टोपी नीट केली आणि म्हणाले, "साहेब, आमच्या शाळेची रीत हाय. आधी दुसऱ्याची बाजू." मी खालून त्यांचं धोतर ओढलं. पण ते सुटले होते! पल्याडच्या शाळेच्या विहिरीला या दुष्काळातही पाणी आहे, आमची कोरडी पडलीय. त्यांच्या भोवती चार वाड्या-तांडे आहेत, तिथल्या पोरी तर आठवीपर्यंतही येत नाहीत, दहावी जवळ दिसली तर येतील. आमची शाळा नावाजलेली आहे, तिला काही ना काही मिळतच राहील, पण त्यांना विचारणार कोण? पल्याडचे हेडमास्तर हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "हाव साहेब, मला हेच म्हणायचं होतं, पण जमलं न्हाई."

साहेबांनी पाणी पिऊन विचारलं, "बरं, आता तुमची बाजू?" सर उभे. एकदा आकाशाकडं पाहिलं, एकदा आमच्याकडं, आणि अगदी ओशाळून म्हणाले, "साहेब, आता खरं सांगू का? मघाशी बोलता बोलता माझंच मत बदललं."

अहो, साहेब हसले, पण आमचं गाव हसलं नाही! दहावी नदीपल्याड गेली. अण्णांनी पायातली वहाण काढली होती, लोकांनी धरलं म्हणून बरं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सरांच्या नमस्काराला 'शरणार्थ' म्हणणं सोडलं. मीही चिडलो होतो. मी तोंडावर म्हणालो, "सर, पाच पोरींचं वाटोळं केलंत तुम्ही. स्वतःच्या लेकरांना उपाशी ठेवून शेजाऱ्याला जेवू घातलंत." ते म्हणाले, "पोरांना एवढ्या मुलखांशी दोस्ती करायला शिकवलं, जनाब. ही एवढीशी नदी ओलांडायला शिकवायचं राहूनच गेलं." मग ते घरोघर फिरले. चार पोरींच्या आईबापांना त्यांनी मनवलं. पल्याड जायला अर्धा तास लागतो, निलंग्यासारखं खोली करून राहायला नको, मी स्वतः नदीपर्यंत सोडीन. पण अण्णांच्या दुकानाची पायरी चढायची त्यांची छाती झाली नाही. आणि अण्णांनी तर जाहीरच करून टाकलं, "त्या गावात माझी पोरगी? मी मेल्यावर."

शाळा सुरू व्हायला थोडेच दिवस राहिले होते. संध्याकाळी मी चहापत्ती आणायला दुकानात गेलो होतो. दोन-चार गिऱ्हाइकं होती. सुमन तराजूत शेंगदाणे तोलत होती. कुणीतरी विषय काढला, अण्णा पुन्हा पल्याडच्या गावाला शिव्या घालू लागले. पोरीनं तराजू खाली ठेवला आणि ती बापाला म्हणाली, "अप्पा, तुमची बाजू मी सांगू?" अण्णा गुरगुरले, "सांग की. मी कुणाला भितो?"

ती उभी राहिली, वर्गात उभी राहायची तशीच, हात मागे बांधून. म्हणाली, "अप्पाला पल्याडच्या गावाचा राग न्हाई. नदीत टँकरवाले असत्यात, कामावरची अनोळखी माणसं असत्यात, पोरीला काही झालं तर आई न्हाई म्हणून असं झालं, असं लोक अप्पालाच बोलतील. त्याचं भ्याव वाटतंय. आन् दुसरं, मी दिवसभर गेले तर दुकानात अप्पा एकटाच. दुपारी भाकरी खाल्ली का, हे विचारायलाबी कुणी न्हाई. आज शाळेला जाईल, उद्या लातूरला जाईल, मग परत येणारच न्हाई, असं वाटतंय. हे कुणाला सांगता येत न्हाई, म्हणून अप्पा पल्याडच्या गावाला शिव्या देतोय."

अण्णा गुळाच्या ढेपेकडे बघत बसले होते. तसंच बघत म्हणाले, "हाव." मग आणखी हळू, "हेच."

"आता तुमची पाळी," सुमन म्हणाली.

"मी काय बोलू? मी कुठं शाळंत गेलोय?" अण्णा म्हणाले. पण गावातल्या सगळ्यांना रीत माहीत होती, आणि सगळे त्यांच्याकडेच बघत होते. त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "मी... मी सुमन," एवढं म्हणून ते थांबले. "मला शिकायचं हाय. मला हिशोब अप्पापेक्षा चांगला येतो. अप्पानं मला आईविना वाढवलं, ते दुकानात बसवायला न्हाई. आन् माझी आय असती," इथं त्यांनी उपरणं पुन्हा तोंडाशी नेलं, "माझी आय असती तर तिनं मला कवाच धाडलं असतं." एवढं बोलून ते ताडकन उठले, मागच्या खोलीत गेले, आणि आतूनच ओरडले, "मास्तर, चहापत्ती घिऊन जावा, आन् त्या येड्या हेडसरला सांगा, पाच झाल्या म्हणून."

मी धावतच सरांकडे गेलो. ऐकून ते हसतील असं वाटलं होतं, पण त्यांनी चष्मा काढला आणि भिंतीकडे तोंड केलं. माझा राग तेव्हाच जायला हवा होता. पण खरं सांगतो, तो गेला नाही. त्यांच्या हयातीत आमच्या शाळेला दहावी काही मिळाली नाही, आणि दर जूनमध्ये आपली शिकवलेली पोरं दुसऱ्याच्या हवाली करताना मी त्यांना पाहिलं. शाळेबाहेरच्या कट्ट्यावर बसून ते पल्याडच्या शाळेचा निकाल विचारत, तेव्हा मला भरून येई आणि चीडही येई. एवढं सगळ्यांचं समजून घेणाऱ्या माणसानं एकदा, फक्त एकदा, स्वतःसाठी काही मागितलं असतं तर काय बिघडलं असतं?

त्या साली शाळेच्या पहिल्या दिवशी सकाळी मीही त्यांच्याबरोबर नदीवर गेलो होतो. पाच पोरी, दप्तरं छातीशी धरलेल्या, वाळूतून चालू लागल्या. सर पात्राच्या मधोमध थांबले. तिथून पुढची पोरं त्यांची नव्हती. मागून वाळूत पावलं करकरली. पाहतो तर अण्णा. ते सरांच्या शेजारी येऊन उभे राहिले. कितीतरी दिवसांत दोघं बोलले नव्हते, आताही कुणी कुणाकडे पाहिलं नाही. अण्णांची नजर अधू होती. डोळ्यांवर हात धरून ते म्हणाले, "हेडसर, मला दिसंना. कुठवर गेली?"

"दरडीला लागलीय, अण्णा."

"मागं बघती का?"

मलाही दिसत होतं की पोरगी सरळ वर चढून चालली आहे. "बघती की," सर म्हणाले. अण्णांनी हात वर केला आणि बराच वेळ हलवत राहिले.