रामप्रसादने बांधलेलं पॅकेज

रामप्रसादला घाणेरडी माहिती अजिबात सहन होत नसे. खोलीत आठ-आठ दिवस झाडू फिरला नाही तरी त्याचं काही बिघडत नव्हतं, पण आकड्याच्या रकान्यात कुणी अक्षरं लिहिली की त्याचं डोकं फिरलंच म्हणून समजा.

गेवराईतल्या एका संस्थेत तो सांख्यिकी सहायक होता. दसरा उलटला की संस्थेची माणसं गावोगाव फिरून ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली शाळकरी मुलं मोजायची. ज्या गावात वीस मुलं भरतील तिथे हंगामी वसतिगृह उघडायचं, म्हणजे आईबाप कारखान्यावर गेले तरी पोरांची शाळा सुटत नाही. आता तोडीला जाणारी माणसं मोजायला ती निघून गेल्यावरच का जायचं, असा प्रश्न तुम्हाआम्हाला पडेल. संस्थेला तो कधी पडला नव्हता.

यंदा या मोजणीत रामप्रसादचा स्वतःचा जीव अडकला होता. थोरला भाऊ बिभीषण आणि वहिनी कर्नाटकातल्या कारखान्यावर गेले होते, आणि त्यांची सहावीतली मंजुषा काकाच्या खोलीवर येऊन राहिली होती. तलवाड्याच्या अलीकडे त्यांचं गाव. तिथे वसतिगृह उघडलं की ती तिकडे जाणार, नाही उघडलं तर बिभीषण येऊन तिला उसाच्या फडावर नेणार, असं ठरलं होतं. काका एकटा, दिवसभर बाहेर, पोरीला तरी किती दिवस सांभाळणार? आणि फडावर गेलेली पोरगी शाळेत परत किती टिकते, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या वर्गातल्या अकरा मुलींपैकी दहावीला दोघी उरल्या होत्या.

तेव्हा यंदाचं काम झटपट आणि चोख करायचं, असं त्याने मनावर घेतलं. यापूर्वी ते केदारनाथकाका करायचे. मार्चमध्ये निवृत्त झाले बिचारे. ते प्रत्येक फॉर्म डोळ्यांपुढे धरून हाताने आकडे भरायचे आणि त्यात आठ दिवस घालवायचे. त्या आठ दिवसांत ते नेमकं काय करतात हे रामप्रसादने कधी विचारलं नाही. म्हातारा माणूस, हात मंद, एवढं त्याचं निदान तयार होतं.

रामप्रसादला ‘आर’ येत होती, म्हणजे आकडेमोडीची संगणकभाषा. तीत त्याने स्वतःचं पॅकेज बांधायला घेतलं. फॉर्मांवरून जशीच्या तशी टंकून आलेली माहिती साफ करणं, गाववार बेरीज, तक्ता, सगळ्यांची वेगवेगळी फंक्शनं लिहून एका गाठोड्यात बांधायची. गाठोडं एकदा संगणकात बसवलं की पुढे नुसतं नाव घ्यायचं, काम हजर. एका फायलीत त्याने आवृत्ती लिहिली, लेखक म्हणून स्वतःचं नाव लिहिलं, आणि तक्रार कुणाकडे करायची त्या जागीही मोठ्या हौसेने स्वतःचंच लिहिलं.

“काका, हे कुनासाठी करायलाव?” मंजुषाने विचारलं.

“माज्याचसाठी.”

“मग त्याच्यात वापरायचं कसं ते कावून लिवायलाव? तुमाला ठावं हाय की.”

तीनदा बांधणी फसली, दोनदा स्वल्पविरामापायी आणि एकदा कंस राहिला म्हणून. चौथ्यांदा तपासणीचा निकाल आला: चुका शून्य, इशारे शून्य, सूचना शून्य. जन्मात त्याला कुठल्या परीक्षेत एवढं निर्दोष कुणी म्हटलं नव्हतं. त्याने त्या पडद्याचा फोटो काढून स्टेटसला लावला. तो पाहून चहावाले आप्पा म्हणाले, “पॅकेज झालं मंतेत. आपला तालुका हाय का त्याच्यात?”

संगीता मॅडम, त्याच्या वरिष्ठ, तर भलत्याच खूश झाल्या. “आठ दिवसांचं काम मिनिटात!” असं म्हणत त्यांनी ते ऑफिसातल्या पाचही संगणकांवर बसवून घेतलं. यादी दुसऱ्याच दिवशी सही होऊन मंजुरीसाठी बीडला गेली. एवढ्या लवकर ती आजवर कधी गेली नव्हती.

पंधरा दिवसांनी मंजुरी आली. तीत रामप्रसादचं गाव नव्हतं. मुलं भरली होती चार.

त्याने गावाचे मूळ फॉर्म काढले. एकामागून एक त्रेसष्ट घरांपुढे मुलांच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘कुलूप’. शेवटी शेऱ्यात बारीक अक्षरात: ‘तोडीला गेले, शेजारी सांगतात मुलं दोन, आत्याकडे आहेत.’ केदारनाथकाकांचे आठ दिवस हे शेरे वाचण्यात जायचे. रामप्रसादच्या फंक्शनने मात्र ‘कुलूप’ हा आकडा नाही म्हणून अख्खी ओळच गाळली होती. तोडीला गेलेल्यांच्या यादीतून त्याने तोडीला गेलेलेच तेवढे वगळले होते, आणि तेही एकही इशारा न येता.

दुरुस्तीला अर्धा दिवस लागला. नवी आवृत्ती बांधली, बसवली, चालवली. मुलं: अठ्ठावन्न.

“पण यादी गेली ना रे,” संगीता मॅडम हळहळून म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. “आता पुढच्या वर्षी. आणि हे नवीन सगळ्या कॉम्प्युटरवर टाक हं, विसरू नको.”

रविवारी बिभीषण आला. मंजुषाने पिशवी आधीच भरून ठेवली होती, वर पुस्तकं. रामप्रसादला वाटलं, भावाने दोन शिव्या हासडाव्यात. बिभीषण चहा पीत बसला.

“आपलं घर मोजलंच न्हाई का रं?”

“गेलती संस्थेची मानसं. कुलूप होतं दादा.”

“आसंल की,” बिभीषण म्हणाला. “आमी टेम्पोत बसलो तवा तूच लावलतं. चावी दे, येताना तुज्याकडं यायचा हेलपाटा नको.”

रामप्रसाद उठला आणि टेबलाच्या खणात चावी शोधू लागला.