साडभाऊंची पहिली नोंद

वाशीम जिल्ह्यात जेवढे कम्प्युटर असतील, त्यांतल्या निम्म्यांना तरी खरं बोलायची सवय आमच्या साडभाऊंनी लावली आहे, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगतो. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी त्यांना साडभाऊ म्हणतो आणि तेही मला साडभाऊच म्हणत. राहायला रिठदला. धंदा म्हणाल तर शाळा, दवाखाने, दुकानं, जिथे कुठे कम्प्युटरवर माहिती साठवायची असेल तिथे जाऊन प्रोग्रामची डेटाबेसशी जोडणी करून द्यायची. म्हणजे नेमकं काय करता, असं एकदा मी विचारून बसलो. झालं! "आमची मंडळी तुमाले एसटीनं मालेगावले डबा पाठवते का नाही? कंडक्टरले काय सांगा लागते? कोन्तं गाव, कोन्तं दार, कोनाचा डबा, आन् घेनाऱ्यानं काय खूण सांगाची. बस, इतकंच एका फायलीत लिहाचं. एक गोष्ट चुकली का डबा भलत्याच घरी!"

ह्या चार ओळी लिहायला त्यांना दोन तास लागत. उजव्या हाताचं एकच बोट, आणि प्रत्येक अक्षर पाढे म्हटल्यासारखं मोठ्यानं म्हणायचं. खूण, म्हणजे पासवर्ड, टाकायची वेळ आली की मात्र ते गप्प होत आणि खोलीतल्या सगळ्यांना भिंतीकडे तोंड करायला लावत. एका शाळेत त्यांनी हेडमास्तरांसकट सगळा स्टाफ असा उभा केला होता. पासवर्ड कधी कागदावर उतरवला असेल तर शपथ. "कागदावर आली त मंग ते खूण कायची?" म्हणत.

पण त्यांची खरी तऱ्हा पुढेच. जोडणी झाली की ती लागली का हे बघायला एक खोटी नोंद करतात; दुसरे लोक कखग असं काहीतरी लिहून मोकळे होतात. साडभाऊ त्या क्षणी जे खरं असेल तेच लिहीत. "पैलंच खोटं भरलं त मशीन जलमभर खोटं बोलन." आणि ती नोंद पुसूही देत नसत. "कायले पुसता? खरं हाये ना ते!" एका जनावरांच्या दवाखान्याच्या मासिक अहवालात 'डॉक्टरसाहेबांच्या डब्यात आजही वांगंच' ही ओळ सर्वांत वर छापून वरपर्यंत गेली, ती अशी.

मालेगावच्या आमच्या छोट्या वाचनालयाची जोडणी त्यांचीच. छप्पन साली आईबापांचं बोट धरून नागपूरला दीक्षेला गेलेले आमच्या भागातले म्हातारे शोधून मी त्यांच्या आठवणी रेकॉर्ड केल्या होत्या. रिठद, इंझोरी, कुठे कुठे मोटरसायकलनं फिरलो. त्या सगळ्या फायली आतल्या खोलीतल्या जुन्या मशीनमध्ये. त्यातली निम्मी माणसं आता राहिली नाहीत.

मागच्या वर्षी साडभाऊंना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. आणि मला दुर्बुद्धी सुचली. पुढच्या खोलीत नवा कम्प्युटर घेतला आणि मोठ्या शहाणपणानं जोडणीची फाईल स्वतःच नव्यानं केली. जुनी पुसली, आणि पासवर्ड होता तो तिच्यातच. प्रोग्राम उघडला, तर 'एकही नोंद नाही'. दहादा बंद-चालू करून पाहिलं! वाशीमहून एक इंजिनीअर आला. म्हणाला, आतलं जुनं मशीन शाबूत आहे, पासवर्डशिवाय मी हात लावणार नाही, उगाच काही उडालं तर? आता ज्या माणसाला पाणी मागता येत नाही, त्याला पासवर्ड कोणत्या तोंडानं विचारू?

पण बहिणीबहिणींचं फोनवर बोलणं झालं असणार. तिसऱ्या दिवशी वाचनालयाच्या दारात ऑटो थांबला. साडभाऊंना आधार देऊन उतरवता उतरवता त्यांच्या मंडळी, आमच्या अक्का, म्हणाल्या, "सकायपासून शर्ट घालून बसून हायेत. आयकतच नाहीत!"

साडभाऊ खुर्चीत बसले. डाव्या हाताचं एक बोट पुढे केलं. अक्षरागणिक ओठ हलत होते, आवाज नव्हता. मध्येच थांबून ते माझ्याकडे बघत राहिले. मला कळेना. मग त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. मी मुकाट्यानं भिंतीकडे तोंड केलं, आणि खरं सांगतो, तिथे उभा राहून रडलो.

वळून पाहिलं तर यादी भरलेली होती. एकूण एक म्हातारा जागच्या जागी. आणि सगळ्यांच्या वर, जोडणीच्या पहिल्या दिवसाची नोंद: 'साडभाऊ मागं उभे हायेत. घाई करून राह्यले. चहा अजून इचारला नाही. मानूस चांगला हाये.'

"अहो, चहा सांगा कुणीतरी!" मी ओरडलोच. साडभाऊंनी हातानंच थांब म्हटलं. काम संपलं नव्हतं, जोडणी तपासायची होती. पुन्हा ते बोट एकेका अक्षरावर जाऊ लागलं. चहा आला, निवला, त्यावर साय धरली, तेव्हा कुठे ओळ पुरी झाली: 'मले बोलता येत नाही.'

"साडभाऊ," मी म्हटलं, "पहिल्यांदा खोटं लिहिलंत बघा."

ते डाव्या गालानं हसले. उजवा आता हसत नाही. ती नोंद मी पुसलेली नाही, पुसणारही नाही. रोज सकाळी वाचनालय उघडलं की यादी लावतो आणि त्यांच्या दोन्ही नोंदी मोठ्यानं वाचतो, त्यांच्यासारखंच एकेक अक्षर लावून.