पोटरीला बांधलेला पट्टा

गेल्या वर्षी माझी नात एका चाकावर उभं राहायला शिकत होती. बॅटरीवर चालणारं एकच जाडजूड चाक, त्याच्या दोन्ही बाजूंना पाऊल मावेल एवढी एकेक फळी, आणि धरायला काहीही नाही. पुढं झुकलं की पळतं, मागं झुकलं की थांबतं, मधल्या वेळात माणूस पडतं. उस्मानपुऱ्यात आमच्या इमारतीमागं मोकळी जागा आहे. तिथं ती कुंपणाची भिंत धरून शिकायची आणि मी गॅलरीत मेथी निवडत बघत बसायची. तिला या चाकावर ऑफिसला जायचं होतं. चोविसाव्या वर्षी रोज बापाच्या गाडीवर मागं बसून जायची तिला लाज वाटायची. तिचा बाप, म्हणजे माझाच मुलगा, त्यानं एक अट घातलेली. "एकदा जरी पाय सुजलेला दिसला, तर हे चाक घरात राहणार नाही."

त्यामुळं सुजलेले पाय फक्त मला दिसायचे.

पहिला आठवडा तळव्यांनी खाल्ला. पाच मिनिटं चाकावर उभी राहिली की तळवे पेटायचे. "बोटं किती आवळतेस गं, पाखरानं फांदी धरावी तशी," मी म्हणायची. "मी नाही आवळत आजी, तीच आवळतात." मी तुपाचं बोट लावून काशाच्या वाटीनं तळवे घासले. टीव्ही बघताना पायाखाली लाटणं फिरवायला लावलं. दर दहा मिनिटांनी उतरायचं, चार पावलं चालायचं, नाड्या सैल करायच्या, असा दंडक घातला. तिला घेऊन शहागंजला गेले. तिथल्या म्हाताऱ्या जोडेवाल्यानं तिच्या पळायच्या बुटाचा तळ अंगठ्यानं दाबला आणि म्हणाला, "अम्मा, ये तो गद्दी है. खड़े रहने को सख़्त तला होना." सपाट, कडक तळाचे जोडे घेतले आणि चार दिवसांत तळव्यांची आग निम्म्यावर आली.

इथंच मी शेफारले.

कारण मग पाळी आली पोटऱ्यांची. पडायच्या भीतीनं ती चाक दोन्ही पायांत गच्च दाबून धरायची. नडग्या हिरव्यानिळ्या झाल्या, गुडघ्याच्या खाली बाहेरच्या अंगाला तर हात लावू देईना. गुडघे ढिले सोडायचे, चाकाला पाय टेकतात तिथं स्पंज चिकटवायचा, हे सगळं आम्हाला नंतर कळलं. तेव्हा मला कळत होतं ते देवगाव रंगारीचं. माझं माहेर तिथलं. दिवसभर शेत निंदून आलेल्या बायका जुन्या लुगड्याचा काठ फाडून गुडघ्याखाली आवळून बांधायच्या, पोटरी ठणकायची थांबायची. माझी आई बांधायची, मला बांधायची. मी कपाटातून जुनी इरकल काढली, काठ फाडला आणि नातीच्या उजव्या पायाला दोन वेढे दिले. डावा त्या मानानं बरा होता.

"लई आवळलं का?"

"नाही आजी. उलट बरं वाटतंय."

बरं वाटणारच होतं. आठ दिवस ती पँटीच्या आत पट्टा बांधून चाकावर चढत होती, आणि दुखत नाही म्हणून मी खूश होते. शेजारणीला सांगितलंसुद्धा, डॉक्टरला काय कळतंय म्हणून.

नवव्या दिवशी संध्याकाळी बादलीत कढत पाणी घेतलं, मीठ टाकलं. तिनं दोन्ही पाय सोडले. डावा लगेच वर घेतला. उजवा तसाच आत. ती मोबाईल बघत होती. मला वाटलं, पोरगी सोशीक आहे, माझ्यावर गेली. मीठ विरघळलं का बघायला मी हात घातला तर चटका बसून हात बाहेर आला. तिचा पाय ओढून काढला. घोट्यापर्यंत लालबुंद. ती त्या पायाकडं बघत होती, जसा दुसऱ्याच कुणाचा पाय असावा तो.

"कधीपासून कळत नाही यात?"

"चार दिवस."

"अन् मला सांगायला काय झालं?"

"तू तरी कुठं कुणाला सांगितलं होतंस? सुजलेल्या पायानं पंधरा दिवस सायकल चालवलीस. एक टिपूस गाळलं नाहीस."

ही गोष्ट ती पाच वर्षांची होती तेव्हापासून मीच तिला सांगत आले होते. दरवेळी चांगली रंगवून.

तिच्या बापाला फोन केला आणि आम्ही रिक्षात बसलो. तिथं तिला खरं सांगितलं. गोष्टीतल्या त्या एकोणीस वर्षांच्या बयेला, म्हणजे मला, सायकल शिकायची होती ती गावात नवीन आलेल्या मास्तरच्या खिडकीवरून जायला. तिला फक्त सरळ जाता यायचं. वळण आलं की खाली उतरायची, सायकल उचलून वळवायची, परत चढायची. मास्तरच्या खिडकीसमोरच वळण होतं. तिथं आपटली, घोटा मुरगळला. मग गोठ्यामागं कडब्याच्या गंजीत तोंड खुपसून नाक गळेपर्यंत रडली, म्हशीसुद्धा वळून बघायला लागल्या. तिसऱ्या दिवशी सायकल भावाला देऊन टाकली. तीनाचे पाच अन् पाचाचे पंधरा दिवस सांगता सांगता मी केले.

नात हसली नाही. मला वाटलं होतं हसेल.

डॉक्टरीणबाईंनी पाय वर-खाली करायला सांगितला. पाऊल वर उचलेना. गुडघ्याखाली बाहेरच्या अंगानं शीर जाते म्हणाल्या, ती दाबली गेलीय. चाकाचा दाब होताच, त्यावर हा पट्टा. "कोणी बांधला?"

"मीच," नात म्हणाली.

"मी बांधला," मी म्हणाले. पायातलं बळ अन् जाण बहुतेक परत येईल, पण महिने लागतील, आणि पूर्ण येईल असा शब्द आत्ता देता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. दाराशी उभ्या माझ्या मुलानं चाकाचं नावही काढलं नाही. त्यानं आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं.

आता रोज दुपारी आमचा एक उद्योग असतो. ती डोळे मिटते, मी कापसाचा बोळा तिच्या पावलावर टेकवते आणि कुठं लागलं ते तिनं सांगायचं, मी वहीत लिहायचं. पहिले काही दिवस तिची उत्तरं बरी येत होती. मी मनातल्या मनात नारळ बोलले होते. मग एक दिवस बोळा बोटांत धरून मी चष्मा पुसत होते.

"अंगठा," ती म्हणाली.

मी अजून पायाला हातच लावला नव्हता.

चष्मा घातला, तिच्या पावलाच्या वरच्या बाजूला बोळा टेकवला, सगळीकडं फिरवला. "नीट सांग माय. मला बरं वाटावं म्हणून नको."

तिनं डोळे उघडले.

"काहीच लागत नाहीये, आजी," ती म्हणाली, आणि रडायला लागली. मी तिला गप्प राहा म्हणाले नाही. पाऊल मांडीवर घेऊन बसले, वहीत तारीख टाकली आणि पुढं लिहिलं, अजून नाही.