दोन कादंबऱ्या आणि एक पाट

सासर सोडून मी सुरतेतल्या उधन्याला मायकडे येऊन राहिले, त्याला नऊ महिने झाले होते. नवरा मारत नव्हता, शिव्याही देत नव्हता. त्याचं दुसरीकडे होतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि घरात त्यावर कोणी ब्र काढत नव्हतं. येत्या रविवारी सासरची माणसं मला परत न्यायला येणार होती. जायचं की नाही, ते मलाच ठरवायचं होतं.

आणि मी काय करत होते, तर बाहेरून एम.ए.चा अभ्यास. युरोपीय आणि जपानी कादंबरीतली स्त्री आणि विवाह, तुलना करा. हा प्रश्न हमखास येतो म्हणे. परीक्षेचं मी नुसतं नाव पुढे करत होते. उत्तर मला माझ्यासाठीच हवं होतं.

दुपारी माय साड्या घेऊन बसायची. पर्वत पाटिया भागातून भरतकामाच्या साड्यांचे गठ्ठे येत. उलट्या बाजूचे लोंबते धागे कापायचे, घडी घालायची, हे तिचं वर्षानुवर्षांचं काम. ती शाळेत गेलेली नाही. म्हणून मी वाचलेलं तिला आमच्या अहिराणीत सांगायचे, तेवढाच माझा अभ्यास पक्का.

आधी जपानी कादंबरी सांगितली. नवऱ्याची दुसरी बाई आहे हे बायकोला माहीत असतं. रोज संध्याकाळी ती त्याच्या किमोनोची घडी घालते आणि पानंच्या पानं गप्प राहते. माझं तर डोकंच फिरलं होतं तिच्यावर. मायने कात्री खाली ठेवली.

"घडी कशी घालस ती?"

मी पुस्तक उघडून सांगितलं. आधी बाह्या आत, मग गळा, मग त्यावरून सावकाश तळहात.

"घडी व्हयनी तरी हात फिरावस," माय म्हणाली. "रडी ऱ्हायनी ती."

ते पान मी तीनदा वाचलं होतं. आमच्या नोट्समध्ये त्यापुढे 'मौन' एवढाच शब्द होता. ती रडतेय हे मला दिसलं नव्हतं. सही न येणारी माझी माय ते एका हातावरून वाचत होती, आणि मी तिच्याकडे बघतच राहिले.

मग युरोपातली. ही माझी लाडकी. भांडते, प्रेमात पडते, मनातलं तोंडावर सांगते आणि भरलं घर सोडून निघते. मी अगदी रंगात येऊन सांगत होते. शेवटी ती एका भाड्याच्या खोलीत एकटी मरते, तेही सांगितलं.

"मरनी? काबर?"

"नवऱ्याले सोडं ना तिनी. मंग कोनी उभं करं नही."

माय विचारात पडली. "मंग तिना पाट काबर नही लावा?"

मला हसू फुटलं. आमच्याकडे बाईचं पहिलं लागतं ते लगन. नवरा वारला किंवा सुटला, की दुसऱ्याशी लावतात तो पाट. मांडव नाही, वाजंत्री नाही, चार माणसं बसतात आणि होऊन जातो. मी तिला समजावलं, की तिकडे पाट नसतो. तिला ते काही केल्या पटेना. एवढी मोठी माणसं, एवढी जाडजूड पुस्तकं, आणि एक पाट सुचला नाही?

मग धागा कापता कापता ती म्हणाली, "तुना बापसंगे मना पाटच लागना. पहिलं घर मी सोडं. म्हनीसन तर सुरतले उनूत."

घरात लग्नाचा फोटो नाही, ते मी गरिबीच्या खात्यावर टाकलं होतं. वडील वारेपर्यंत हा शब्द त्यांनी कधी घरात येऊ दिला नव्हता. मी दोन खंडांतल्या बायका धुंडाळत होते, आणि त्या दोघींनाही न सापडलेली वाट काढलेली बाई समोर बसून धागे कापत होती. मला तिची भीतीच वाटली थोडी, देवळात वाटते तशी.

"लोके काय म्हनतस?" मी विचारलं.

"काय म्हनतीन? पाटनी बाईले हळद लावाले बलावतस नही. बस, इतलंच."

इतलंच. माझ्या लग्नात मावशीने हळद लावली, काकूंनी लावली. माय चुलीपाशी होती. मी दोनदा हाक मारली, तर हात खरकटे आहेत म्हणाली. मी रागावले होते तिच्यावर.

रविवारी माणसं आली. मी येणार नाही, असं मीच सांगितलं. चहा पिऊन ती गेली. माय आत भाजी फोडणीला घालत होती. मी जाऊन तिचा हात धरला आणि माझ्या गालाकडे ओढला.

तिने हात मागे घेतला. "पोरी, मना हात हळदना शेतस."

"माले माहीत शे," मी म्हणाले. "लाव."