सावडीत गेलेला इतिहास

बी.एड.ला पहिला विषय कुणी विचारत नाही. ज्यात पदवी घेतली, तो आपोआप येऊन बसतो. माझा मराठी बसला. खरी कटकट दुसऱ्या विषयाची. माध्यमिक शाळेत शिकवायचं तर दोन विषयांची अध्यापन पद्धती घ्यावी लागते. मुलं तिला नुसतं 'मेथड' म्हणतात. मी दुसऱ्या मेथडला इतिहास घेणार होते. पासलीच्या पोरीनं दुसरं काय घ्यावं? वेल्ह्याला बाजाराला जायचं तरी तोरण्याकडं मान वर करून बघत जायचं. शिवाय इतिहास मला मनापासून आवडायचा. आवडायचा म्हणजे, एखादी लढाई वाचताना चुलीवरचं दूध उतू जायचं आणि आई माझ्याशी तिसरीच लढाई सुरू करायची.

घोळ झाला तो प्रवेशाच्या वेळेमुळं. भोरच्या कॉलेजनं कागदपत्रं घेऊन बोलावलं आणि नेमकी आमच्याकडं भातलावणी ऐन भरात. आमच्याकडं लावणी सावडीनं होते. आज तुमच्या खाचरात सगळ्यांनी यायचं, उद्या आमच्या. मजुरी नाही, हिशेब नाही. पण हाताला हात द्यावाच लागतो. आमच्या घरून आई आणि मी अशा दोघी ठरलेल्या होत्या. मी भोरला पळाले तर एक हात कमी. सावडीत हात कमी पडला की त्या घराचं नाव पुढच्या लावणीपर्यंत चघळलं जातं.

तेव्हा खाचरात माझ्या शेजारी वाकलेली माझी काकी म्हणाली, "तू जा. तुझ्या जागंला माझी पोर हुबी राहील."

मला इतका आनंद झाला, की हातातली रोपांची मूठ सुटून चिखलात पडली.

"पर सावड हाय ही," काकी पुढं म्हणाली. "फेडाय लागंल. तू विंग्रजी घे, आन् माझ्या पोरीला शिकव."

काकीची पोर म्हणजे माझी चुलतबहीण. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आणि माझ्यापेक्षा हुशार. दहावीला सगळ्या विषयांत सुटली आणि इंग्रजीत अडकली. परत बसली, परत अडकली. आता घरीच होती आणि काका स्थळं बघत होते. काकीनं भांडून मार्चपर्यंतची मुदत मिळवली होती. मार्चात इंग्रजी सुटलं तर अकरावी, नाहीतर लग्न.

"काकी, मलाच कुठं इंग्रजी येतंय?" मी म्हणाले. खोटं नव्हतं. बारावीला मी इंग्रजीत कशी पास झाले हे मला आजही कळलेलं नाही, आणि पेपर तपासणाऱ्यांनाही कळलं नसावं.

"मंग शिकून ये की. भोरला काय भजी खायला चाललीस?"

सगळ्या ओळीनं हे ऐकलं. ओळीतल्या बाया वाकलेल्या असल्या तरी कान ताठ असतात. "घे गं, घे विंग्रजी," असा गलका झाला. त्यातल्या एकीनंही आयुष्यात मेथड हा शब्द ऐकला नव्हता. पण माझी मेथड तिथंच, पोटरीभर चिखलात ठरली.

दुसऱ्या दिवशी वेल्हे, विंझर करत नसरापूरला उतरून दुसरी एसटी पकडली आणि भोर गाठलं. रांगेत माझ्यापुढं आमच्याच भागातल्या तिघी होत्या. तिघींनीही "दुसरी मेथड?" या प्रश्नाला ताठ मानेनं "इतिहास" म्हणून सांगितलं. मला त्यांचा जळजळीत हेवा वाटला. माझा नंबर आला. मी "इंग्रजी" म्हणाले. क्लार्कनं माझी बारावीची गुणपत्रिका बघितली, मग मला बघितलं आणि म्हणाला, "नक्की ना?"

"घरच्यांची इच्छा आहे," मी म्हणाले. तो हळहळला. त्याला वाटलं असावं, मला सासरी द्यायला निघालेत.

यथावकाश माझा इंग्रजीचा पहिला सराव पाठ भोंगवलीकडच्या एका शाळेत लागला. आठवीचा वर्ग. आमच्या मार्गदर्शक मॅडम अगदी मागच्या बाकावर वही उघडून बसल्या. मी फळ्यावर शब्द लिहिले, फळ्याकडं तोंड केलं आणि एकेक शब्द म्हणू लागले. वर्ग माझ्यामागून म्हणू लागला. इथवर ठीक होतं. पण भीती वाटली की माणसाचं अंग त्याला जे येतं तेच करतं. लावणीत रोप खोचलं की एक पाऊल मागं सरकायचं असतं. पुढं जायचं नसतं, नाहीतर आपलंच रोप आपण तुडवतो. मी एक शब्द म्हणायची आणि एक पाऊल मागं सरकायची. थोडी वाकूनसुद्धा. भोंगवलीकडची पोरं ज्वारीच्या रानातली, भातलावणी त्यांनी कधी बघितलेली नव्हती. त्यांना वाटलं, इंग्रजी असंच शिकवत असतील. दोन बाकांच्या मधून मी सरकत सरकत गेले, आणि शेवटच्या शब्दाला धाडकन मॅडमच्या मांडीवर बसले.

"व्हेअर आर यू गोइंग?" मॅडमनी विचारलं.

इंग्रजी प्रश्न मला पहिल्यांदाच एका दमात कळला आणि मी खरं ते सांगून टाकलं. "बांधापर्यंत, मॅडम."

वर्ग इतका हसला, की शेजारच्या वर्गातून सर बघायला आले. मला रडू फुटणार होतं. पण हसू ओसरल्यावर तिथं बसल्या बसल्याच मी शेवटचा शब्द परत म्हणून घेतला, आणि एक दिसलं. मागच्या बाकावरच्या दोन मुली बाकीच्यांबरोबर शब्द म्हणतच नव्हत्या. नुसते ओठ हलवत होत्या. पुढून बघितलं असतं तर कधीच कळलं नसतं.

पाठ संपल्यावर मॅडम एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी बांध जरा फळ्याजवळ घाला." बाई चांगल्या होत्या.

त्या रविवारी मी घरी आले. एरवी दर रविवारी मी चुलतबहिणीला समोर बसवून शिकवायची. त्या दिवशी तिच्या शेजारी खेटून बसले आणि कान तिच्या तोंडाशी नेला. ती ओठ हलवत होती. आवाज नव्हता.

"तू म्हणत न्हाईस व्हय?"

"लाज वाटती," ती म्हणाली. "चुकलं तर तू हसशील."

"मी?" म्हणून मी तिला भोंगवलीची गोष्ट सांगितली. मॅडमच्या मांडीसकट. ती हसून हसून गोठ्याच्या भिंतीला टेकली. त्यानंतर आम्ही दोघी म्हशींसमोर ओरडून इंग्रजी वाचू लागलो. निम्मे उच्चार चुकत होते. मला तरी कुठले येत होते? पण ती चुकायला लागली, आणि चुकायला लागल्यावर शिकायला लागली.

दहावीच्या निकालाच्या दिवशी रेंज मिळावी म्हणून आम्ही टेकाडावर चढलो. काठावर का होईना, सुटली. काकीला मोबाईलवरचं काही वाचता येत नव्हतं. ती आमची तोंडं बघत होती. मी रडत होते, म्हणून आधी तिनं कपाळावर हात मारला. मग लेक नाचताना दिसली तेव्हा कुठं खाली बसली.

लावणी परत आली. चुलतबहिणीला अकरावीच्या प्रवेशाला वेल्ह्याला जायचं होतं आणि काकीच्या घरचा हात कमी पडत होता. तिच्या जागी मी उभी राहिले. ती धुतलेला ड्रेस घालून, चपला हातात घेऊन बांधावर आली.

"आई, एक विषय आपल्या मनानं निवडायचाय. काय घेऊ?"

मी कान टवकारले. आता काकीचा हुकूम सुटणार होता.

"तुला काय आवडतं?" काकीनं वाकल्या वाकल्या विचारलं.

"इतिहास."

"मंग घे की. इचारतीस काय?"

मी ताठ उभी राहिले. "काकी! मला न्हाई गं असं इचारलंस!"

मला राग आला होता, खरोखर आला होता. पण लांबून एसटीचा हॉर्न ऐकू आला आणि ती पोर बांधावरून जी पळत सुटली, ती बघून माझा राग कुठल्या कुठं गेला. काकी तिच्याकडं बघतसुद्धा नव्हती; पदरानं डोळे पुसत होती.

"सरक मागं," ती मला म्हणाली. "तुझ्यापायी ओळ थांबलीया."

मी वाकले, रोप खोचलं आणि मागं सरकले.