मेथीची राखण

वसुधाताईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या चिखलात पालथ्या पडल्या होत्या आणि त्यांचा एक हात कोपरापर्यंत सशाच्या बिळात होता. मी आयर्लंडमधल्या लिक्सलिपहून मेथी घ्यायला आले होते. मान न वळवताच त्या म्हणाल्या, "जुड्या टेबलावर आहेत. आजच्या बारीक आहेत, बाकीची या सशांनी खाल्ली."

ताई मूळच्या नागपूरच्या. नवरा, सुधीर, कॉम्प्युटरच्या चिप बनवण्याच्या कारखान्यात इंजिनिअर, म्हणून त्या डिपेन्डंट व्हिसावर आयर्लंडला आल्या. काही वर्षं घरात बसून कंटाळल्या आणि पॅट नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून जमिनीचा एक तुकडा भाड्यानं घेऊन त्यांनी मेथी, चाकवत, मुळा, कोथिंबीर लावली. पार डून लेरीपासून मराठी माणसं त्यांच्याकडे भाजीला येत. "पुढच्या शनिवारी कोथिंबीर मिळेल का हो?" असं कुणी विचारलं की त्या "बघू" म्हणत नसत. "मिळेल," म्हणत, आणि मिळायची.

फक्त सशांपुढे त्यांचं काही चालेना. जाळी लावली, ती सशांनी खालून उकरली. तिखटाचं पाणी फवारलं, ते पावसानं धुऊन नेलं. पूर्वी पॅट संध्याकाळी बंदूक घेऊन फेरी मारायचा, पण खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्याला ते जमेना. तो म्हणाला, माझ्या पुतण्याला पाठवतो. सुधीर खूश झाला. "बरं झालं, आपल्याला बघायलाही नको."

ताई म्हणजे घरात कधी अंडंसुद्धा न आणणारी ही बाई. म्हणाल्या, "मेथी मी विकणार आणि ससे दुसऱ्यानं मारायचे? ते नाही चालणार. मारायचे असतील तर मी मारीन. माझ्यानं होणार नसेल तर मेथी बंद."

त्यांनी नेमबाजीच्या रेंजवर जाऊन रीतसर शिकून घेतलं आणि एका शनिवारी मला म्हणाल्या, "गाडी काढ, बंदूक बघून येऊ."

दुकानदार साठीचा, मोठा गप्पिष्ट होता. त्यानं आधी विचारलं, "मिस्टरांसाठी का?"

"मिस्टर भिंतीवरच्या कोळ्यालाही घाबरतात," ताई म्हणाल्या. "मला हवीये. सशांसाठी."

त्यानं लांब नळीची, दर गोळीला हातानं बोल्ट ओढावा लागणारी रायफल पुढे केली. ताईंची उंची पाच फुटांच्या आतबाहेर. दस्ता खांद्याला लावल्यावर त्यांची मान पुढे ताणली गेली. शिवाय त्यांचा उजवा अंगठा संधिवातानं धरलेला, बोल्ट मागे ओढताना चेहरा आक्रसला. त्यांनी ती शांतपणे परत ठेवली. मग त्यानं आतून एक आखूड, बारीक गोळीची पॉइंट टू-टू आणली. सेमी-ऑटोमॅटिक. एक गोळी सुटली की पुढची आपोआप चढते, चाप मात्र दर वेळी दाबावा लागतो.

"तुम्हाला ग्रँड बसेल, अगदी झकास," तो म्हणाला, "पण हिच्यानं लोकांना उगाच गोळ्या उडवायची सवय लागते."

"मला नाही लागणार. पहिली चुकली आणि जनावर जखमी झालं, तर दुसरीला उशीर व्हायला नको, एवढ्यासाठी ही."

त्यानं मान हलवली आणि पहिल्यांदाच त्यांच्याशी बरोबरीनं बोलायला लागला. ताईंनी बंदूक तीनदा खांद्याला लावून पाहिली आणि म्हणाल्या, "हीच."

लायसन्स यायला बराच वेळ लागला. मधे एक गार्डा, म्हणजे इथला पोलीस, बंदुकीचं लोखंडी कपाट तपासायला घरी येऊन गेला. ताईंनी त्याला चहा दिला, पण कपाटाची किल्ली कुठे ठेवणार ते सुधीरसमोर सांगितलं नाही. "लायसन्स माझं आहे, यांचं नाही," म्हणाल्या. गार्डा हसत हसत गेला.

पहिल्या संध्याकाळी मी मळ्यावर होते. ताई मातीच्या बांधाला टेकून आडव्या झाल्या. कितीतरी वेळ काहीच हललं नाही. मग कुंपणातून एक ससा बाहेर आला. गोळी सुटली, तो उलटला आणि पाय झाडायला लागला. माझे डोळे मिटायच्या आत दुसरी सुटली. सगळं शांत झालं. ताईंनी बंदूक रिकामी केली, पुन्हा तपासली, पेटीत ठेवली आणि सशाजवळ जाऊन उकिडव्या बसल्या. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. हात थरथरत होता.

"ताई, नका करू हे," मी म्हटलं.

"थरथरू दे," त्या म्हणाल्या. "थरथरणं थांबायला नको."

तो ससा पॅटनं रश्श्यासाठी नेला.

ही बातमी आपल्या लोकांत पसरायला कितीसा वेळ लागणार! दिवाळीच्या कार्यक्रमात, पुण्याहून लेकाकडे आलेल्या एका काकूंनी सगळ्यांसमोर विचारलं, "तुमच्या मेथीला रक्त लागलंय म्हणे?"

"लागलंय, काकू," ताई म्हणाल्या. "माझ्या हातानं लागलंय. तुमच्या-माझ्या ताटातल्या भातासाठी शेतात किती उंदीर मारले जातात, ते आपण कधी बघितलं नाही. इथलं निदान मी बघते."

बरीच गिऱ्हाइकं तुटली. ताईंनी एकालाही फोन केला नाही. "ज्यांना पटत नाही त्यांनी घेऊ नये. चुकतंय कुठे त्यांचं?" म्हणायच्या. त्या काकू मात्र पुढच्याच आठवड्यात सुनेबरोबर मळ्यावर आल्या. त्यांनी दोन जुड्या उचलल्या. ताईंनी तिसरी त्यांच्या पिशवीत टाकली. हळूहळू बाकीचेही आले, सगळे नाहीत.

गेल्या वर्षी सुधीरची आई अंथरुणाला खिळली आणि दोघं कायमचे नागपूरला गेले. बंदूक दुकानदारानं परत घेतली. जमीन पॅटच्या भाचीनं घोड्यांसाठी मागितली. निघायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघी रिकाम्या मळ्यात उभ्या होतो. मागे राहिलेल्या चार रोपांशी एक ससा येऊन निवांत खायला लागला. आम्हाला बघूनही तो हलला नाही.

"खा बाबा," ताई म्हणाल्या. "आता माझं काही नाही इथे."

पण त्यांना राहवलं नाही. चिखल तुडवत दोन पावलं पुढे गेल्या आणि जोरात टाळी वाजवून त्यांनी त्याला हुसकावून लावलं.